अकरा परक्यांनी केलेली माझी आई

रेतालूलेऊ, शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०१५

ओदिलियाबाई,

तब्येतीची चौकशी करत नाही. ताप उतरला असेल तर आत्ता वाचा, नसेल तर उतरल्यावर वाचा. पण वर्गात कुणाला वाचून दाखवू नका.

मंगळवारी मी अर्ध्या तासिकेतून उठून गेलो, हे रोमुलोसाहेबांनी एव्हाना तुमच्या घरी येऊन सांगितलं असेल. वर हेही म्हणाले असतील, "तुमच्या शब्दावर घेतला होता त्याला. ना डिप्लोमा, ना काही." खरं आहे. भिंती रंगवायला आलेल्या पोराला तुम्ही टेबलाशी बसवलंत, परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणारा मास्तर केलंत. ते मी विसरलो नाही, म्हणून तर जास्त लागलं.

सोमवारी तुम्ही आला नाहीत. फळ्यावर तुमच्या नावापुढे हानेके होती, ती साठीची डच नर्स. साहेबांनी ते पुसलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं. मला आनंदच झाला. नोव्हेंबरपासून माझ्या वाट्याला नुसते नवशिके येत होते, 'पाणी द्या' आणि 'संडास कुठे' यापलीकडे जीभ न वळणारे. तुमच्या हाताखाली तीन आठवडे तयार झालेला एकही माणूस कधी माझ्या टेबलाशी आला नाही. मी समजायचो, आपण शाळा अर्धवट सोडलेले, आपल्याला असेच मिळणार. तुमची माणसं माझ्याकडे धाडू नका असं तुम्हीच साहेबांना सांगून ठेवलं होतंत, हे मला मंगळवारी कळलं. सोमवारी ताप आला नसता तर अजूनही कळलं नसतं.

सोमवार ओळखीपाळखीत गेला. मंगळवारी मी तिच्यापुढे माझा कोआतेपेकेचा मेनू ठेवला. तो हो, बसस्टँडवरच्या खानावळीतला, तेलाचा डाग पडलेला, ज्यात कोंबडी तीनदा लिहिली आहे आणि तिन्ही ठिकाणी भाव वेगळा. मी त्या मालकिणीला विचारलं होतं असं का, तर म्हणाली, "भाव गिऱ्हाइकाचे बूट बघून." तिला एक पोपट होता, तो फक्त "संपलं!" एवढंच बोलायचा. विषय कुठे चालला. तर मेनू ठेवला आणि हानेके म्हणाली, "आज उलट करू. मी मालकीण, तू गिऱ्हाईक. ओदिलियाबाईंकडे मी नेहमी मालकीणच असते."

म्हटलं, बरं. खुर्ची ओढली आणि विचारलं, "बाई, आज काय आहे?"

तिनं मेनूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माशाचं सार आहे, भात आहे. सार संपत आलंय, लवकर सांगा. धक्क्यासमोरच्या निळ्या टेबलाशी बसा. पंख्याखाली नको, तो हलतो."

मी हसलो. आमच्या चाम्पेरिकोच्या खानावळीतला पंखा हलतो. माणसाला वाटतं, असतील जगात आणखी हलणारे पंखे. पण ती मग सोंग सोडून थांबली आणि म्हणाली, "तू दाढी विसरलास."

"कसली दाढी?"

"मुलाला दाढी आलेली असते ना. म्हणून आई ओळखत नाही. तो जेवतो, पैसे देतो, काही न बोलता निघून जातो. हा आमचा सगळ्यांचा आवडता धडा आहे! क्लाउस तर रडला. का रे, तुम्ही सगळे मास्तर नाही शिकवत हा धडा?"

मी विचारलं, कितीजणांनी केला? तिनं बोटांवर मोजलं, नावं घेत घेत. स्वतःला धरून अकरा. "पण सगळ्यात चांगली आई माझी झाली, असं बाई म्हणाल्या," ती म्हणाली. बिचारीला वाटलं मी शाबासकी देईन.

बाई, मी ती गोष्ट तुम्हाला तुमच्या गच्चीवर सांगितली होती. तुम्ही चादरी पिळत होतात आणि एक टोक माझ्या हातात होतं. दुसऱ्या कुणालाही सांगितलेली नाही, बसमध्ये शेजारी भेटतात त्यांनाही नाही, आणि तुम्ही जाणता मी बसमध्ये काय काय सांगतो ते. तुम्ही तेव्हा म्हणालात, "सेल्विन, हे माझ्यापाशी राहील." राहिलं. रोज सकाळी आठ ते एक राहिलं, पोटभर सराव होऊन राहिलं.

वर्गात बोलायला काही उरत नाही, हे मलाही कळतं. एक मास्तर, एक विद्यार्थी, मध्ये हातभर टेबल आणि पाच तास. दुसऱ्या आठवड्यात माणूस आपलं लग्न, आपलं ऑपरेशन, आपला मेलेला कुत्रा, सगळं काढून टेबलावर ठेवतो. पण आपलं ठेवावं. म्हणून तर मी मेनू आणले होते. तुमच्या पुस्तकातल्या रंगीत चित्रांच्या मेनूत सगळं मिळायचं आणि पाच मिनिटांत बोलणं संपायचं. खरा मेनू तसा नसतो. कागदावर एकोणीस पदार्थ असतात, चुलीवर दोन. त्या मधल्या सतरांवरून बोलणं निघतं, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तुम्ही टाळी दिली होतीत. चौतीस मेनू दिले मी शाळेला, चार वर्षांच्या भटकंतीतले. ते कमी पडले का?

आणि घेतलीच होती गोष्ट, तर त्यात आपल्या पदरचं तरी घालायचं नव्हतं. हानेके म्हणते, मुलगा गेल्यावर आई ताट उचलत नाही. त्याच्या खुर्चीत बसते आणि त्याच्या ताटातली उरलेली पोळी खाते. हे मी कधी सांगितलं? मी तर तोवर बसमध्ये चढलो होतो. माझी आई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत नाही. अकराजणांना तुम्ही माझ्या आईचं खोटं शिकवलंत.

इथे रेतालूलेऊला टायरवाल्याकडे पंक्चरं काढतो. काही म्हणायचं असेल तर इकडच्या बसच्या चेपे ड्रायव्हरकडे पाकीट द्या. नसेल तर देऊ नका.

सेल्विन

---

मासातेनांगो, गुरुवार, १९ फेब्रुवारी

ओदिलियाबाई,

तुमचं पत्र मला गेल्या बुधवारीच मिळालं. उत्तराला आठ दिवस लागले, कारण वाचून झाल्यावर मला चाम्पेरिकोची बस धरायची होती आणि मी भलतीच धरली. ती इथे आली. इथे कार्निव्हल होता. मी आठ दिवस अंड्यांच्या टरफलांत रंगीत कागदाचे कपटे भरून विकले. एका नगरसेवकाच्या टकलावर मी स्वतः एक फोडलं. तुम्हाला हसू आलं असेल तर येऊ द्या, मला त्या वेळी आलं होतं. काल राखेचा बुधवार होऊन उपवास लागले, रस्ते झाडून झाले, आता काही निमित्त उरलेलं नाही.

तुम्ही लिहिता, "मी पदरचं काही घातलेलं नाही. खुर्चीचं तिनंच मला सांगितलं."

हे वाक्य मी टायरवाल्याकडे उभ्यानं वाचलं. तो म्हणाला, "काय रे, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, सगळे आहेत."

म्हणजे ऑक्टोबरात, समुद्र दाखवायला म्हणून दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलात तेव्हा, तुम्ही मुद्दाम धक्क्यावर खानावळ विचारत गेलात. निळ्या टेबलाशी बसलात. माझ्या आईचं सार खाल्लंत. ते दोघे पाण्यात खेळायला गेल्यावर तुम्ही तिला म्हणालात, मी सेल्विनच्या शाळेतली. आणि तिनं सांगितलं की त्या दिवशी तिनं मला दारातच ओळखलं होतं, चालीवरून.

बाई, मला चार वर्षं वाटत होतं, तिनं ओळखलं नाही. त्यावर मी जगत होतो. चांगलं नव्हे, पण जगत होतो. आईनं ओळखलं नाही तर दोष दाढीचा. ओळखूनही बोलली नाही, तर दोष कुणाचा?

आता एक गोष्ट मी गच्चीवर सांगितली नव्हती, ती सांगतो. तुम्ही ती वापरणार असाल तर बारावा विद्यार्थी शोधा. जेवण झाल्यावर मी उठलो आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "आभार, मंडळी." आपल्याकडे म्हणतातच. घरात, खानावळीत, बांधावर, कुठेही चार माणसं जेवत असली की उठणारा आभार म्हणतो आणि बाकीचे म्हणतात, "अंगी लागो." कुत्र्याला लाथ मारणाऱ्यालासुद्धा म्हणतात. त्या दिवशी दोन कोळी म्हणाले, एक नर्सरीचा माळी म्हणाला. आई चुलीकडे तोंड करून उभी होती, ती काही म्हणाली नाही. मी समजलो, तेलाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. आता वाटतं, ऐकू गेलं होतं. परक्याला जे म्हणतात ते मला म्हणायचं नव्हतं तिला.

आणि मी तिथे दाटून येऊन गप्प राहिलो होतो असं जे तुम्हाला सांगितलं, तेही तितकंसं खरं नाही. त्या खानावळीत मी वाढलो, पण बसून कधी जेवलो नव्हतो. टेबलं पुसायची, भांडी घासायची, उभ्यानं चार घास खायचे. त्या दिवशी ती मला म्हणाली, "बसा. काय देऊ?" आणि मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, थोडा वेळ गिऱ्हाईकच राहू. मग तो थोडा वेळ लांबत गेला. सतराव्या वर्षी घर सोडलं तेही असंच. ट्रकवाल्याबरोबर दोन दिवस फिरून येऊ म्हणून गेलो होतो. सांगून गेलो नव्हतो, हेही तेव्हा सांगायचं राहिलं.

असो, हे माझं. तुमचं बघू.

तुम्ही ऑक्टोबरात परत आलात आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसलात. मी विचारलं, "समुद्र कसा होता?" तुम्ही म्हणालात, "काळा." आपण एकाच टोपलीतली भाकर खाल्ली. तेव्हापासून तुम्हाला ताप येईपर्यंत रोज. तुम्हाला माहीत होतं की माझ्या आईनं मला ओळखलंय. मला माहीत नव्हतं. मला सोडून तुम्ही ते क्लाउसला सांगितलंत!

लिहिता, "तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास. आणि तू गेलेल्या जागेवरून परत येणारा माणूस नाहीस. माझ्यासमोरून वर्षाला साठ माणसं उठून जातात, सेल्विन. सगळी पत्र लिहू म्हणतात." हे वाचून मला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. रविवारी तुम्ही शाळेत झाडलोट नसतानाही झाडायला जाता, ते मला आठवलं. पण बाई, तुम्हाला सोबत हवी होती म्हणून माझी आई मला चार महिने मिळाली नाही. हे तुमच्याच वहीत लिहा आणि उद्या सकाळी वाचून बघा, बरोबर दिसतं का.

चाम्पेरिकोची बस साडेअकराला आहे. या वेळी नीट पाटी वाचून चढतो.

सेल्विन

---

चाम्पेरिको, शुक्रवार, २७ फेब्रुवारी

ओदिलियाबाई,

मी आठवडाभर इथे आहे. मिर्ताला मावशींकडे झोपतो, त्या आईच्या शेजारीण. जाळी शिवतो. आणि दुपारी आईकडे जेवतो. गिऱ्हाईक म्हणून.

का, ते सांगतो. तुम्ही ते आधी सांगायला हवं होतंत.

गेल्या गुरुवारी मी तिथे पोचलो तेव्हा दुपारची गर्दी सरली होती. आई कांदे चिरत होती. दाढी मी मासातेनांगोलाच काढून टाकली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला.

मी म्हटलं, "आई."

"बसा," ती म्हणाली. "सार संपलंय. तळलेला मासा आहे."

"आई, मी सेल्विन."

"दिसतंय की. डोळे गेलेले नाहीत माझे. तळलेला चालेल?"

मिर्ताला मावशी दारात भोपळा घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एलुविया, पोराला निदान पाणी तरी दे."

"पाणी मेनूत आहे. मागितलं तर देईन."

मला हसू आलं आणि तिथेच चूक झाली. ती सुरी खाली ठेवून माझ्यासमोर आली. म्हणाली, "हसतोस? बोलावलं तेव्हा कुठे होतास?"

"कधी बोलावलंस?"

"त्या तुझ्या शाळेतल्या बाईंकडे निरोप दिला होता. ऑक्टोबरात. म्हटलं, त्याला सांगा, मी ओळखलं होतं, माझा राग गेला. सर्व संतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ये म्हणावं, मी फियाम्ब्रे करते."

बाई, तुम्ही इथल्याच. फियाम्ब्रे म्हणजे काय आणि ते एकट्या माणसासाठी कुणी करत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचवीस भाज्या, सात तऱ्हांचं मांस, व्हिनेगरमध्ये दोन दिवस मुरवायचं. सगळं थंड, सगळं एकत्र, आणि सगळ्या घरानं मिळून खायचं. आईनं माझे वडील गेल्यावर ते कधी केलं नव्हतं. या नोव्हेंबरात केलं. बीट घातलं नाही, कारण मला लाल रंगाचं आवडत नाही. खानावळ बंद ठेवली. मिर्ताला मावशी म्हणतात, तिनं माझं ताट झाकून तीन दिवस ठेवलं आणि बर्फ बदलत राहिली. चौथ्या दिवशी ते कोंबड्यांना घातलं आणि खानावळ उघडली.

त्या पहिल्या तारखेला मी कुठे होतो, आठवतं? तुमच्या घरी. तुम्ही मला फियाम्ब्रे वाढलंत. मी दोनदा घेतलं.

आई म्हणाली, "पहिल्यांदा न सांगता गेलास, ते पोरपण होतं. दुसऱ्यांदा आलास आणि बोलला नाहीस, ती लाज होती. ते मी समजून घेतलं. पण बोलावल्यावर आला नाहीस, ते मोठ्या माणसाचं उत्तर होतं. मी ते ऐकलं."

मी शपथ घेतली की मला निरोप मिळालाच नाही.

"त्या बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, 'सांगते.' शिकलेली बाई. ती कशाला खोटं बोलेल? खोटं बोलण्याची सवय कुणाला आहे, ते धक्क्यावर कुणालाही विचार."

मग मी तुमचं पत्र काढून दिलं. म्हटलं, हे बघ, त्याच लिहितात की त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. तिनं हात पुसले, उजेडात गेली, दोन्ही बाजू वाचल्या. हळू वाचते, पण एकही ओळ सोडत नाही.

"यात त्या इथे आल्या होत्या असं आहे," ती म्हणाली. "मी तुला ओळखलं, ते तुला सांगितलं नाही असंही आहे. निरोपाचं कुठे आहे?"

मी पत्र परत घेतलं आणि स्वतः शोधलं. नाहीच. चार पानं लिहिलीत बाई तुम्ही, अगदी तुमच्या अक्षरात, समासासकट. एकटेपणाचं लिहिलंत, हानेकेला वाईट वाटतंय ते लिहिलंत, रोमुलोसाहेब मला परत घेतील ते लिहिलंत. निरोपाची एक ओळ नाही. निम्मा गुन्हा कबूल करणाऱ्याचा उरलेला निम्मा कुणी शोधायला जात नाही. मीही गेलो नव्हतो. मला वाटलं तुम्ही सगळं सांगितलंत.

"बघ," आई म्हणाली, आणि तळलेला मासा आणून ठेवला.

मासा चांगला होता. मी उठताना आभार म्हणालो. आणि बाई, ती म्हणाली, "अंगी लागो." स्पष्ट, माझ्या तोंडाकडे बघून, बाकी दोघांना म्हणाली तसंच. रोज म्हणते. आज आठ दिवस झाले. उपवासाचा शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून आज खानावळ मासे खाणाऱ्यांनी भरलेली होती, तरी त्या गर्दीतूनही म्हणाली. माझ्या ताटात उरलेलं ती लगेच काढून टाकते आणि फडक्यानं टेबल पुसते.

मिर्ताला मावशी म्हणतात, "कळ काढ, ती वितळेल." मला कळ काढता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आज सकाळी मेक्सिकोतल्या सालीना क्रूझला जाणारी एक बोट निघणार होती, त्यात जागाही होती. पिशवी घेऊन मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो. मग वाटलं, मी गेलो की तिची खात्रीच होईल. परत आलो आणि जाळी शिवायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठून तरी न गेलेला माणूस आहे मी सध्या, आणि त्याला साक्षीदार कुणी नाही.

म्हणून लिहितोय, नाहीतर आता तुम्हाला लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. पत्र पाठवू नका. तुमच्या अक्षरावर ती विश्वास ठेवेल, पण कागद मीच लिहून घेतला असंही म्हणेल. चेपेकडे निरोपही देऊ नका, निरोपाचं आपण पाहिलं.

रविवारी, आठ मार्चला, पहिल्या बसनं या. विद्यार्थी आणू नका. कुठल्याही टेबलाशी बसा, काय हवं ते मागवा. मी त्या वेळी आत येणार नाही, धक्क्यावर असेन. तिला एवढंच सांगा की तिनं सांगितलं होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. कारण देऊ नका. ती ऐकून घेईल आणि तिला तुमची दया येईल, आणि मला ते चालणार नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही आलात तरी करीन असं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे त्या आशेनं येऊ नका. या जगात मी खरं बोलतोय हे माहीत असलेलं माणूस एकच आहे आणि ते तुम्ही आहात. याच्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची येत नाही.

पहिली बस साडेदहाला इथे पोचते. मी साडेदहाची वाट बघेन. दुसरीचीही बघेन.

सेल्विन